एक सोडून एक खुंटी

चंद्रावर चिखल नसतो हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं, असं आमच्या कंपनीत नव्या माणसांना अजूनही सांगितलं जातं. हे खोटं आहे. मला ते शाळेपासून ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असलेलं हाताला ठाऊक असतंच असं नाही, आणि माझा हात राळेगाव तालुक्यातल्या काळ्या मातीत वाढलेला. श्रावण-भादव्यात आमच्या गावात चपला पायात घालून कुणी चालत नसे, त्या हातात धरायच्या. चाक म्हटलं की मला आधी चिखल आठवणार, त्याला मी काय करू?

कंपनी बंगळूरच्या बाहेर. एका बाजूला फर्निचरचा कारखाना, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांच्या खाद्याचं गोदाम आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पंचवीस-तीस जण चंद्रावर चालवायची गाडी बनवत होतो. सरकारी नाही, खाजगी. गावाकडे हे कुणाला पटत नसे. 'मंग तुमचं रॉकेट कुठं हाय?' असं विचारत. रॉकेट आमचं नव्हतंच. चंद्रावर उतरणारं यान परदेशातल्या एका कंपनीचं, ते वर नेणारं रॉकेट तिसऱ्याच कंपनीचं, आणि त्या यानाच्या सामानात आमच्या रोव्हरसाठी एक कोपरा घेतलेला. एसटीच्या टपावर पार्सल टाकतात त्यातला प्रकार. रोव्हरही काही मोठा नव्हता, सोयाबीनच्या कट्ट्याहून, म्हणजे पोत्याहून, लहानच. त्याला चार चाकं होती आणि ती माझ्याकडे होती.

शेडच्या एका टोकाला लाकडी हौद होता. त्यात खडक दळून केलेली राखाडी भुकटी भरलेली, चंद्रावरच्या मातीशी मिळतीजुळती. तिच्यात चाक सोडलं की ते जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचाच खड्डा खणत बसतं. म्हणून चाकाच्या कडेवर उभ्या पट्ट्या बसवतात, त्या भुकटीत रुततात आणि गाडी पुढे जाते. या पट्ट्या किती असाव्यात, किती उंच, एकमेकींपासून किती लांब, यात माझं दीड वर्ष गेलं. आईला फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दीड वर्सात तं आमची दोन पिकं निंगते." पुढे तिने विषयच बदलला.

माझ्या आधी जो चाकं बघायचा त्याने चोवीस पट्ट्या ठरवल्या होत्या. मी पहिलं चित्र काढलं त्यात बारा होत्या, आणि चाकाच्या मागे कडेला लागून एक छोटी वाकवलेली पाती होती. चित्र भिंतीवर लागलं. आमचा प्रमुख माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि कुठलीही गोष्ट आधी मान तिरकी करून बघणारा. त्याने पातीवर बोट ठेवलं आणि ही कशाला म्हणून विचारलं.

"चिखल खरवडायला," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मलाच कळलं. पण तोवर सगळं शेड हसत होतं. जिथे पाण्याचा थेंब नाही, तिथे मी चिखलाची सोय करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी छत्री ठेवली. आठवडाभर येणारा-जाणारा चंद्रावरच्या पावसाची चौकशी करून जाई. शेवटी मी वैतागलो आणि तोंड वाचवायला एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत आणतात, आणि मी लहानपणी माझ्या बैलाला चिखलात चालणारी चाकं केली होती, म्हणून ती पाती हातातून आली. गोष्ट ऐकायला सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. प्रमुखाने तर चहा मागवला. त्या दिवसापासून माझी थट्टा थांबली आणि माझं कौतुक सुरू झालं.

गोष्टीतली सगळी हकिगत खरी होती. फक्त चाकं मी केली नव्हती. ती माझ्या ताईने केली होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी पाच वर्षांचा असताना बाबांनी मला राळेगावच्या बाजारातून लाकडी बैल आणून दिला. त्याला पाठीवर बेगड लावून, गळ्यात घुंगरू बांधून मी तान्ह्या पोळ्याला गेलो, आणि मारुतीच्या देवळासमोरच्या चिखलात तो तोंडावर पडला. शिंग मोडलं. पोरं हसली. मी बैल तिथेच टाकून घरी पळालो आणि कापसाच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसलो. बैल ताईने जाऊन आणला, धुतला, आणि शिंग खळीने चिकटवलं.

पुढच्या वर्षी मी जाहीर केलं की मी जाणार नाही.

"कायले नाही जात?" ताई म्हणाली. "बैलाचा काय दोष हाय? चाकं वाईट हायेत त्याचे."

तिने बाबांच्या झिजलेल्या चपलांचे दोन जोड शोधून काढले. चुलीत विळा तापवला आणि रबराची चार गोल चाकं कापली. घरभर जळका वास सुटला, आई ओरडली, ताईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ही चाकं रुंद होती, त्यामुळे बैल रुतेना. पण परसात मोरीच्या पाण्याचा चिखल असायचा त्यात ओढून पाहिलं तर चाक फिरेना. नुसतं घसरत यायचं. मग ताईने पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्या तोडून त्यांच्या खुंट्या केल्या आणि प्रत्येक चाकाच्या कडेत सोळा-सोळा ठोकल्या. आता चाक फिरू लागलं, पण चार हात गेलं की खुंट्यांच्या मधे चिखल भरून त्याचा लाडू व्हायचा. लाडू झाला की पुन्हा घसरणं सुरू.

ताई उकिडवी बसून त्या लाडवाकडे बघत राहिली. मी तिला चल चल करत होतो. मला वाटलं, हिला आता काही सुचत नाही. मग तिने एक खुंटी उपटली. पुढची ठेवली. त्याच्या पुढची उपटली. असं करत आठ काढल्या आणि आठ ठेवल्या. चिखलाला पडायला जागा झाली. पावडरच्या डब्याच्या पत्र्याची एक पाती वाकवून तिने चाकामागे ठोकली, उरलासुरला चिखल तिच्यावर घासून सुटायचा. बैल मोरीपासून बाभळीपर्यंत गेला आणि परत आला. ताई हसलीबिसली नाही. "चाल, आता दुसरं चाक," म्हणाली.

तान्ह्या पोळ्याला मुली तेव्हा बैल नेत नसत. नेऊ नये असं कुणी सांगितल्याचं आठवत नाही, पण नेत नसत. ताई हापशीवर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन उभी राहिली, पाण्याला आल्यासारखी. देवळासमोर चिखल मागच्या वर्षीपेक्षा जास्त होता. पोरांनी बैल काखेत मारले आणि मी माझा ओढत नेला. बोलूनचालून सहा वर्षांचा पोरगा, माझी छाती किती फुगली असेल. मला पहिलं बक्षीस मिळालं, एक कंपास पेटी. बक्षीस देणारे गुरुजी वाकून चाकं बघू लागले.

"कोनं केले रे हे चाकं?"

"म्या," मी म्हणालो.

हापशी तिथून दहा पावलांवर होती. ताईने ऐकलं हे मला दिसलं. तिने गुंड डोक्यावर घेतला आणि घरी गेली. त्या दिवशी तिने मला काही विचारलं नाही, नंतरही कधी नाही. ती तेव्हा सातवीत होती आणि तिच्याकडे कंपास नव्हता. भूमिती असली की ती माझा मागून न्यायची. "तुझा कंपास घेऊ काय रे?" असं विचारून न्यायची, आणि मी मोठ्या उदारपणे हो म्हणायचो.

दहावीनंतर ताईची शाळा सुटली. माझी सुटली नाही. तिचं लग्न महागाव तालुक्यात झालं, माहेर जिल्ह्याच्या एका टोकाला, सासर दुसऱ्या टोकाला. तिथे त्यांची कपाशी, सोयाबीन, मधे तुरीची ओळ. ती शेतात जाते. तिचं बरं चाललं आहे आणि ती माझ्यापेक्षा सुखी आहे असं मला पुष्कळदा वाटलेलं आहे.

मग शेडमध्ये ती चाकं ताईने केली असं सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. पण पुढचा प्रश्न आला असता की ती काय करते, आणि मला सांगावं लागलं असतं. मला त्याची लाज वाटली.

इकडे हौदात एक गंमत झाली. पाती अर्थातच चित्रातून गेली. पण बारा पट्ट्यांचं चाक जवळपास चोवीसवाल्याइतकंच चाललं आणि वजनाला हलकं भरलं. चंद्रावर जाणाऱ्या सामानात गुंजभर वजनासाठी माणसं भांडतात. बाराचं चाक पक्कं झालं. माझं कारण साफ चुकलेलं आणि चाक बरोबर, असं एकाच वेळी होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. प्रमुख सगळ्यांना सांगत सुटला की याने सहाव्या वर्षीच हे शोधून काढलं होतं.

ही बातमी फिरत फिरत पुसदला पोचली. तिथल्या एका संस्थेने माझा सत्कार ठेवला. आपल्या भागातलं पोरगं, चंद्राची गाडी, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. ताईला पुसद जवळ. ती एसटीने आली, ठेवणीतलं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली. मी भाषणाला उभा राहिलो तेव्हा मला ती दिसत होती. मनात म्हटलं, आज सांगून टाकावं. आणि तोंडातून आलं ते घोटवलेलंच आलं: मी चपलांची चाकं कापली, मी खुंट्या ठोकल्या, मी एक सोडून एक उपटली. टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या. खाली उतरल्यावर तिने माझ्या पिशवीत जवसाच्या चटणीचा डबा ठेवला.

"चांगला बोलला," ती म्हणाली. "आता जाते, मले चारची गाडी हाय."

त्या रात्री मी ठरवलं की एकदा रोव्हर चंद्रावर चालला, त्याच्या चाकांचा माग उमटलेला फोटो आला, की तो घेऊन तिच्याकडे जायचं आणि मग सांगायचं. रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती. माझ्या दृष्टीने त्या फोटोवर आता सगळं अडलं होतं.

फोटो आलाच नाही. यान उतरायला निघालं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ होती. शेडमध्ये सगळे पडद्यासमोर उभे. उंचीचा आकडा भराभर कमी होत होता, आणि मग तो थांबला. चंद्रावर पोचून थांबला असं नाही, बातमी यायची थांबली. यान आपटलं असं दुसऱ्या दिवशी कळवण्यात आलं. आमचा रोव्हर त्याच्या पोटात, बंद कप्प्यात. त्याची चाकं एक वेढाही फिरली नव्हती. प्रमुख बाहेर जाऊन कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक रिकामा होताना बघत राहिला. मी कप गोळा केले. काहीतरी करायला हवं होतं.

मग ताईचा फोन आला. तिने मोबाईलवर बघितलं होतं.

"जेवला काय?"

"नाही."

"जेवून घे पहिले," ती म्हणाली. "अन् पोळ्याले इकडं ये."

कंपनी बंद पडली नाही. काही जण सोडून गेले, उरलेल्यांनी पुढच्या गाडीचं काम धरलं. कसोटीची जुनी चाकं भंगारात निघाली होती, त्यातलं एक मी प्रमुखाला विचारून घेतलं. त्याने मान तिरकी केली, पण दिलं. टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि नागपूर, यवतमाळ, आर्णी करत मी पोळ्याच्या संध्याकाळी ताईच्या घरी पोचलो. त्या दिवशी पाहुणेरावळे, पुरणपोळी, बैलांना ओवाळणं यात बोलायला वेळ मिळाला नाही. खरं तर मिळाला होता, मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी बैल घेऊन नाल्यावर गेले. ताई ओसरीत बसून तान्ह्या पोळ्याच्या पोरांसाठी परातीत चिवडा कालवत होती. आमच्याकडे पोरं बैल घेऊन घरोघर येतात, त्यांना काहीतरी द्यायचं असतं. मी पिशवीतून चाक काढून तिच्यासमोर ठेवलं. नाश्त्याच्या ताटलीएवढं, चार बोटं रुंद, जागोजाग ओरखडे पडलेलं.

ताईने हात पुसले. चाक मांडीवर घेतलं आणि पट्ट्यांवरून अंगठा फिरवत पूर्ण वेढा घातला.

"बारा?"

"बारा. आधी चोवीस होत्या."

तिचा अंगठा पुन्हा एकदा सावकाश फिरून आला. मी म्हणालो, "ताई, बैलाची चाकं तू केली होतीस. मी सगळीकडे माझी म्हणून सांगितली. देवळासमोर सांगितली, कंपनीत सांगितली, पुसदला तू समोर असताना सांगितली."

"माहीत हाय नं," ती म्हणाली. "हापशीवर उभीच होती मी."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"सहा वर्साचा होता तू. म्हनलं, तूच सांगशीन मोठा झाला का." मग चाकाकडे बघत म्हणाली, "पुसदले मात्र वाईट वाटलं मले. गाडीत रडली मी."

मी रडलो, चाळिशीला टेकलेल्या माणसाने रडू नये तसा. ताईने रडू दिलं. चिवड्यात मीठ कमी आहे का ते बघून घेतलं, आणि मग उठली.

"चाल, पाहू चिखलात."

अंगणात रात्रीच्या पावसाचा चिखल होता, तिच्या माहेरच्यासारखाच काळा. तिने चाकाच्या भोकात पऱ्हाटीची जाड काडी घातली, दोन्ही टोकांना दोरी बांधली आणि लुगडं खोचून ओढू लागली. चंद्रासाठी केलेलं चाक महागाव तालुक्यातल्या चिखलात फिरलं. पट्ट्यांच्या मधे चिखल भरला आणि चाक वर येताच ढेपूळ सुटून पडलं. ती बैलांच्या गोठ्यापर्यंत गेली, वळली, परत आली.

"सुटते," ती म्हणाली. "पन पाती काहून काढली?"

"चंद्रावर चिखल नसतो, ताई."

"हो बाप्पा," ती म्हणाली, आणि आता ती हसली, पोटभर.

एवढ्यात फाटकातून पोरं आली, पाच-सहा लाकडी बैल आणि त्यांच्या दोऱ्या. दोघी मुलीही होत्या, झूल घातलेला बैल घेऊन. चिखलातलं चकाकणारं चाक बघून सगळ्यांचं चिवड्यावरचं लक्ष उडालं. त्यातल्या एकीने खाली बसून पट्टीला बोट लावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, कारण शहरातले कपडे माझ्या अंगावर होते.

"काका, कोनं केलं हे?"

"हिनं," मी म्हणालो.

पोरीने ताईकडे पाहिलं, चिखलाने भरलेल्या पायांकडे, खोचलेल्या लुगड्याकडे. तिला काही ते पटलं नाही. "काकू, तुमी केलं?"

ताईने दोरी हातातच ठेवली.

"हाव, म्या केलं," ती म्हणाली. "असेच चार चंद्रावर पडले हायेत."